बिनशिक्क्याचं पाणी

ज्या अपघातात माझे वडील गेले त्याच्या चौकशी अहवालात आप्पांबद्दल एकच वाक्य होतं. ‘बॉयलरमधील पाण्यास आलेला फेस चालकास ओळखता आला नाही.’

बाकीचा अहवाल नळ्यांची जाडी, पोलादाची प्रत, वाफेचा दाब यांविषयी होता आणि त्यात मला काही चूक सापडली नाही. मी बॉयलरच्या पाण्यावरच काम करते, त्यामुळे असली वाक्यं कशी लिहिली जातात हे मला ठाऊक आहे. कुणीतरी दमलेला माणूस संध्याकाळी शेवटचा परिच्छेद संपवत असतो. पण आप्पांनी, म्हणजे कल्लाप्पा म्हेतर यांनी, उभी हयात बॉयलरसमोर काढली होती. त्यांना फेस ओळखता आला नाही म्हणजे कोळ्याला पाणी ओळखता आलं नाही.

मी फेरचौकशीचा अर्ज केला. आप्पांची जागा रिकामी होती आणि तिथं यायला कुणी तयार नव्हतं. पुण्याची प्रयोगशाळा सोडून मी त्याच बॉयलर हाऊसमध्ये पाण्याची केमिस्ट म्हणून रुजू झाले. फाटलेल्या नळ्या बदलून बॉयलर पुन्हा चालू झाला होता.

आई एवढंच म्हणाली, “तिथंच जायचं होतं का?”

“तिथलंच पाणी बघायचंय.”

तिनं डबा भरून दिला.

आमच्या इचलकरंजीत पूर्वी प्रत्येक सायझिंगचा स्वतःचा बॉयलर होता. सायझिंग म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावण्याचा कारखाना. खळ शिजवायला वाफ, सूत वाळवायला वाफ. कोळशावर बंदी आली तेव्हा सगळ्यांनी मिळून सहकारी वाफ संस्था काढली. गावाबाहेर एकच मोठा बॉयलर बसला. तिथून निघालेली वाफ जमिनीखालच्या नळांतून नव्वदेक कारखान्यांत जाते, काम करून तिचं पाणी होतं, आणि ते पाणी दुसऱ्या नळांनी परत बॉयलरकडे येतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. त्यामुळे एकाची घाण सगळ्यांची होते.

म्हणून ‘शिक्का’ आला. धुळीहून बारीक असे काचेचे कण. त्यांत दुर्मिळ धातूंचं ठरावीक मिश्रण असतं, आणि लेसरचा झोत पडला की प्रत्येक मिश्रण वेगळ्या रंगांनी चमकतं. प्रत्येक कारखान्याच्या परतीच्या पाण्यात त्याचे-त्याचे कण थेंबाथेंबानं सोडले जातात. सगळं पाणी जिथं एकत्र येतं त्या टाकीवर वाचक-यंत्र बसवलेलं आहे. तेलाचा अंश दिसला की त्याभोवती कुणाचे कण आहेत हे ते बघतं, त्याच क्षणी त्या कारखान्याचा नळ बंद करतं, आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे त्या कारखान्याला महिनाभर टाळं लागतं. ना भांडण, ना वशिला. पाणीच सांगतं आपण कुणाचे ते. देशभरातून लोक हे बघायला आले. आप्पांचाही त्या यंत्राशेजारी फोटो आहे. फोटोत ते हसत नाहीत, पण ते कुठल्याच फोटोत हसत नसत.

शिक्क्याच्या आधी लोक फोन करायचे. “म्हेतर, आमची वाफेची कॉइल गळायलीय, आमचं पाणी घेऊ नका.” आप्पा शिव्या घालायचे आणि त्या नळाचं पाणी सांडपाण्याच्या टाकीत वळवायचे. शिक्क्यानंतर वळवायच्या झडपांना सील लागलं, कारण प्रत्येक थेंब वाचक-यंत्रासमोरून जायला हवा होता. आणि फोन थांबले. यंत्र पकडणारच असेल तर पकडू दे, आपण होऊन टाळं कोण मागून घेईल?

*

पहिले काही आठवडे मी फक्त पीएच बघितला. बॉयलरच्या पाण्याचा पीएच अकराच्या आसपास ठेवतात. पाणी थोडं कॉस्टिकच्या, म्हणजे अल्कलीच्या, बाजूला झुकलेलं असलं की पोलाद गंजत नाही. आमचा पीएच आठवडाभर सरळ रेषेत चालायचा आणि सुट्टीनंतर कारखाने चालू व्हायचे त्या सकाळी खाली घसरायचा. दुपारपर्यंत कॉस्टिक घालून तो परत वर आणला जाई. ‘सुरुवातीचा चढउतार’ असं त्याला नाव पडलं होतं. नाव पडलं की माणसं विचारायचं थांबतात.

इरफान मुजावर हे आप्पांच्या हाताखाली तयार झालेले बॉयलर अटेंडंट. त्यांना मी विचारलं, “फीड पंपाचं वंगण येत असेल का पाण्यात?”

“पंप खोलून बघितला ताई. माझ्या पोरीच्या लग्नात एवढा स्वच्छ हॉल नव्हता.”

तसंही ते वंगण नसणार. खनिज तेल पाण्यात मिसळलं तर नळ्यांवर त्याचा थर बसतो, नळी आतून तापत जाते आणि एक दिवस फुटते. पण पीएच हलत नाही. कॉस्टिकशी त्याचं काही देणंघेणं नसतं. पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून ॲसिड गळत असतं तर ते आठवड्यात केव्हाही गळलं असतं. फक्त सुट्टीनंतर यायला त्याला कॅलेंडर कुठं कळतं?

एका सोमवारी, सुट्टीनंतरच्या सकाळी, मी बॉयलरचं पाणी काढलं, थंड केलं, बाटली अर्धी भरून झाकण लावलं आणि जोरात हलवली. वर फेस चढला. बोटभर, पांढरा, घट्ट. मी बाटली टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघं बघत बसलो. फेस बसेना.

“साबण,” मुजावर म्हणाले.

“साबण.”

चरबी आणि कॉस्टिक एकत्र तापले की साबण होतो. कुठल्याही साबणाच्या कारखान्यात हेच करतात. बॉयलरमध्ये कॉस्टिक असतंच. त्यात चरबी आली की ती कॉस्टिक खाते, पीएच उतरतो, आणि वर फेसाचा डोंगर उभा राहतो. तो डोंगर फार धोक्याचा. बॉयलरच्या काचेत पाण्याची पातळी दिसते, पण फेस चढला की आत पाणी कमी असूनही काच भरलेली दिसते. स्वयंचलित नियंत्रक त्या पातळीवर विश्वास ठेवतो, पाणी जास्त झालं असं समजून आत येणारं पाणी तोडतो. काच भरलेली आणि नळ्या कोरड्या. खाली आग चालूच.

आप्पा गेले त्या सकाळी हेच झालं होतं. त्यांनी नियंत्रक बाजूला सारून हातानं पाणी सोडलं आणि कोरड्या, तापलेल्या नळीला ते लागताच ती फाटली.

“त्या दिवशी तुम्ही कुठं होता?” मी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

मुजावरांनी हातातलं फडकं घडी घालून ठेवलं. “च्या आणायला. जा म्हणाले, च्या घेऊन या. आम्ही तिघं हुतो. म्हटलं, तिघं कशाला मालक, एक किटली तर हाय. तर अंगावर वराडले. तिघं बी जावा म्हणाले.”

फेस ओळखता न आलेला माणूस एका किटलीसाठी तिघांना बाहेर पाठवत नाही.

*

चरबी कुठून येणार हे गावात कुणालाही विचारावं लागत नाही. प्लास्टिकच्या जातीच्या खळीवर बंदी आल्यापासून सगळे पुन्हा मक्याच्या स्टार्चकडे वळले होते, आणि सूत मऊ राहावं म्हणून त्यात बोकडाची चरबी घालतात. पण वाचक-यंत्राच्या पडद्यावर चरबीचा पत्ता नव्हता. अपघाताच्या सकाळीही तेल शून्य.

मी गुरुमामांकडे गेले. गुरुपाद रोजे, आईचे धाकटे भाऊ. त्यांचं सायझिंग आमच्या घरामागच्याच गल्लीत. लहानपणी तिथल्या खळीच्या वासानं माझं डोकं दुखायचं. आता तो वास मला आप्पांच्या शर्टाचा वाटला.

“आलीस का साहेबीण? शिक्का मारायला?”

“कुकरमधली कॉइल बघायचीय, मामा.”

“बघ की. नवी नवरी हाय व्हय ती, तोंड झाकून ठेवायला?”

कुकर म्हणजे माणूसभर उंचीचं भांडं. त्यात खळ रटरटत असते आणि खळीत बुडालेल्या वेटोळ्या नळीतून वाफ फिरते. तीच कॉइल. खळ नळीच्या बाहेर आणि वाफ नळीच्या आत, दोघींची गाठ पडायची नाही असा हिशेब.

“जरा वाफ बंद करा.”

“खळ गार हुईल.”

“मिनिटभर.”

मामांनी झडप फिरवली. रटरट थांबली. खळीवर साय धरू लागली. मग कडेपासून हातभर अंतरावर त्या सायीला एक बारीक खळगा पडला आणि साय आत ओढली जाऊ लागली, हळूच, मोरीच्या तोंडाशी पाणी ओढलं जावं तशी.

मी मामांकडे बघितलं. मामा खळग्याकडे बघत होते.

“बुडबुडा हाय,” ते म्हणाले आणि झडप उघडली. खळगा होता तिथून वाफ भसकन वर आली.

तेवढ्यानं सगळं उलगडलं. कॉइलला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. वाफ चालू असताना आतला दाब जास्त, म्हणून वाफ बाहेर येते, खळ आत जाऊ शकत नाही. परतीचं पाणी आठवडाभर निर्मळ. सुट्टीसाठी वाफ बंद केली की आतली उरलेली वाफ निवते, पाण्याएवढीशी होते, नळीत पोकळी तयार होते. आणि ती पोकळी खळ आत ओढून घेते. सुट्टीभर कॉइल चरबीनं भरून राहते. चालू करताना ती सगळी पहिल्या पाण्याबरोबर निघून जाते.

आणि ते पहिलं पाणी शिक्क्याविना जातं. कण किती सोडायचे हे प्रवाहावर ठरतं. सुरुवातीला प्रवाह धक्के देत येतो, म्हणून तो स्थिर होईपर्यंत कण सोडायचेच नाहीत, अशी रचना होती. ज्या थोड्या वेळात घाण यायची, नेमका तेवढाच वेळ यंत्र डोळे मिटून होतं. कुणाला काही लपवावंसुद्धा लागलं नव्हतं. गावाच्या एवढंच लक्षात आलं होतं की भोक असलं तरी कुणी पकडत नाही.

“कितीजणांच्या कॉइली अशा आहेत, मामा?”

“माझ्या कॉइलीला भोक हाय म्हणालो का मी?”

“मी डोळ्यांनी बघितलं.”

“मग माझ्या तोंडून कशाला पायजे?” त्यांनी पाठ फिरवली. “कॉइल दुरुस्तीला काढली की दुरुस्तीवाला नोंद करतो. नोंद झाली की टाळं. महिना बंद राहिलं तर सुताचे बीम दुसरीकडं जात्यात, परत येत न्हाईत. तुला ठावं न्हाई व्हय?” मग आवाज उतरवून, “अक्का जेवती का नीट?”

“जेवते.”

“येतो म्हणावं.”

अपघातापासून ते आमच्याकडे आले नव्हते.

*

परतल्यावर मी वाचक-यंत्रात साठवलेली मूळ आकडेवारी उघडून घेतली. तेल दिसलं होतं. त्या सकाळीही दिसलं होतं, ढिगानं. पण प्रत्येक थेंबावर कुणाचा ना कुणाचा शिक्का असणारच, या भरवशावर ते यंत्र बांधलेलं होतं. शिक्का नसलेलं तेल त्याच्या लेखी असूच शकत नव्हतं. म्हणून ते ‘यंत्रदोष’ समजून वगळलं जात होतं आणि पडद्यावर शून्य उमटत होतं.

संस्थेचे सचिव चौगुले यांना मी हे दाखवलं. पुढच्या सोमवारी पहिलं पाणी वळवण्यासाठी झडपांची सील काढा, असं सांगितलं.

“बाई, ती सील मी काढली तर उद्या सगळे रोजच घाण पाणी वळवतील. मग शिक्का कशाला बसवला?”

“माणसं वाचावीत म्हणून ना?”

“तुमचं दुःख मी समजू शकतो,” ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि सील काढायची नव्हती.

*

सोमवार उजाडला. आदले दोन दिवस देवांग विणकरांच्या देवळात उत्सव होता, म्हणून सुट्टी लांबली होती. गावातल्या सगळ्या कॉइली नेहमीपेक्षा जास्त वेळ थंड होत्या. सगळ्यांनी एकदम वाफ मागितली.

मी पीएचच्या आकड्यासमोर उभी होते. अकरा होता. परतीचं पाणी येऊ लागलं तसा तो खाली यायला लागला. दहा पूर्णांक सात. दहा पूर्णांक चार. पूर्वी तो असा घसरायचा ते तासाभरात. आज डोळ्यांदेखत घसरत होता.

“काच?” मी ओरडले.

“भरल्याली हाय,” मुजावर वरून म्हणाले. “चांगली भरल्याली.”

“हलतेय का पातळी?”

“थरथरायलीय.”

नियंत्रकानं बॉयलरमध्ये येणारं पाणी निम्म्यावर आणलं. मग पाव. पडद्यावर हिरवी अक्षरं: ‘पातळी योग्य’. मुजावर जिना उतरून आले आणि त्यांचा हात आपसूक हातानं पाणी सोडायच्या चाकाकडे गेला. शिकवल्याप्रमाणे. माझ्या वडिलांनी शिकवल्याप्रमाणे.

“हात लावू नका.”

“ताई, नळ्या कोरड्या पडतील!”

“पडल्या असतील तर पाणी घालून फुटतील. आधी आग.”

मी पडद्यावर ‘आग बंद’ दाबलं. पडद्यानं कारण विचारलं. मी ‘पाण्यात तेल’ निवडलं. पडद्यानं विचारलं, ‘कारखाना क्रमांक?’ चौकट रिकामी ठेवून मी पुढे जायला बघितलं. त्यानं जाऊ दिलं नाही. कुणाचं तेल हे सांगितल्याशिवाय तेलासाठी आग बंद करता येत नव्हती.

त्या चौकटीसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. फार नसेन. पण तेवढ्यात मला कळलं की त्या सकाळी आप्पाही इथंच उभे होते.

फोन वाजला. चौगुले. “बाई, सगळ्यांच्या कुकरमध्ये खळ चढलीय. आग बंद केलीत तर ती भांड्यांत थिजून जाईल. पातळी योग्य दाखवतंय की!”

“मुजावर, पोरांना घेऊन बाहेर जा.”

“च्या आणायला?” मुजावर म्हणाले. “एकदा गेलो. आता न्हाई जात.”

भिंतीवर लाल बटण आहे. ते कारण विचारत नाही. दाबलं की आग तिथल्या तिथं बंद होते, पण थेट बॉयलर निरीक्षकांच्या कचेरीत खबर जाते आणि चौकशी लागते. मी ते दाबलं.

बर्नरची घरघर बसली. बॉयलर हाऊसमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुठंतरी पोलाद आवळत कुरकुरलं. आग गेली तसं पाण्याचं उकळणं मंदावलं आणि फेसाचा डोंगर खचायला लागला. मुजावर काचेकडे गेले.

भरलेली काच उतरत होती. अर्धी झाली. पाव झाली. मग पाणी काचेच्या तळाशी टेकलं आणि दिसेनासं झालं.

“या अल्ला,” मुजावर म्हणाले. “काच रिकामी.”

“पाणी सोडायचं नाही. काही करायचं नाही. नुसतं थांबायचं.”

आम्ही थांबलो. नळ्या टिकल्या, एकही फाटली नाही. बाहेर फाटकाशी माणसं जमून शिव्या देत होती. कुणीतरी ओरडत होतं की बापानं एक बॉयलर फोडला, आता पोरगी गाव बंद पाडतीय.

*

दुपारी फाटक ओस पडल्यावर गुरुमामा आले. बॉयलर हाऊसमधल्या माझ्या प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढल्या, देवळात आल्यासारख्या.

“त्या दिवशी मी दाजींना फोन केल्ता,” ते बसायच्या आधीच म्हणाले.

मी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

“सकाळी वाफ सोडली तर नळाच्या तोटीतून खळच आली. नुसती खळ. भोक मोठं झालं हुतं. म्हटलं, दाजी, आज लई घाण हाय, काय करू? टाळं लावणार असशीला तर लावा. तर म्हणाले, गप बस. सोड. मी बघतो हिकडं.” मामांनी टेबलाची कड धरली. “म्हटलं, आग बंद करा मग जरा. तर म्हणाले, आग बंद केली तर मशीन इचारतं कुणामुळं. मग तुझं नाव द्यावं लागंल. लाल बटण दाबलं तर चौकशी हुईल, तवा बी तुझंच नाव निघंल. राहू दे. असलं पाणी लई बघितलंय मी.”

“म्हणजे त्यांना माहीत होतं.”

“व्हय.”

बाहेर थंड होत चाललेल्या बॉयलरचा कुठलातरी पत्रा टणकन वाजला. मामा दचकले.

“माझं नाव घेऊ नको म्हणून सांगायला आल्तो मी,” ते म्हणाले. “वाटंत इचार करत आलो कसं म्हणायचं. आता म्हणवंना.”

ते गेल्यावर चौगुले आले. ते मोकळे झाल्यासारखे दिसत होते. आमच्या बाटल्या, यंत्रातली वगळलेली आकडेवारी, सगळं त्यांनी आता बघितलं होतं. “दोष यंत्राचा. रचनेचा. आपण दोघं मिळून तसं लिहून देऊ. तेल आलं हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं, तुमच्या वडिलांनाही नाही. ते निर्दोष सुटतील. शिक्का पहिल्या थेंबापासून मारायची दुरुस्ती कंपनी करून देतेय. पुन्हा हा प्रश्न येणार नाही.”

मला हवं होतं ते सगळं टेबलावर होतं. फक्त सही.

मी रात्रीपर्यंत त्यावर विचार केला असं म्हणायला हवं, पण खरं तर उत्तर लगेच सुचलं होतं आणि मी ते टाळत होते. शिक्का पहिल्या थेंबापासून मारला की प्रत्येक भोक पकडलं जाईल. लोक भोकं लपवायच्या नव्या तऱ्हा शोधतील. कारण टाळं तसंच राहणार. आणि बॉयलरसमोर जो कुणी उभा असेल, त्याला कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी मेहुणा फोन करील, किंवा करणार नाही. पडदा त्याला विचारील, कुणाचं? आणि तोही आग चालू ठेवील.

आप्पांना ठाऊक नव्हतं असं मी लिहून दिलं, तर त्यांच्यासारखा पुढचा माणूस कशामुळे गेला हे कुणाला कधीच कळणार नव्हतं.

*

फेरचौकशी प्रांत कचेरीच्या लांब खोलीत झाली. बॉयलर निरीक्षक नाईकनवरे या पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मी बाटली हलवून फेस दाखवला. कॉइलची पोकळी समजावली. बिनशिक्क्याच्या तेलाचे आकडे ठेवले. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मागच्या बाकांवर सायझिंगवाले दाटीनं बसले होते. मामाही होते. मी तिकडे बघितलं नाही.

“म्हणजे तेल आल्याचं चालकाला कळणं शक्य नव्हतं,” नाईकनवरे म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

“त्यांना कळलं होतं,” मी म्हणाले.

पेन थांबलं. चौगुल्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जिन्यावरून उडी मारली होती.

“त्यांना फोन आला होता. एका कारखान्यातून. पाणी घाण आहे, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. त्यांनी तरीही आग बंद केली नाही. ती करायला हवी होती.”

“कुणाचा फोन?”

मागं एक बाक करकरलं.

“नाव मी सांगणार नाही. त्या माणसानं फोन केला, म्हणून तरी आप्पांनी तिघांना बाहेर काढलं. आज मी नाव सांगितलं तर यापुढं कुणी फोन करणार नाही.”

“मग पुरावा काय? नुसता तुमचा शब्द?”

“हो.” “पण मी माझ्या वडिलांच्या विरुद्ध बोलतेय, बाई. त्यांच्याविरुद्ध खोटं मी कशाला बोलेन?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, “त्यांनी आग का बंद केली नाही?”

मी त्यांना पडद्यावरच्या त्या चौकटीबद्दल सांगितलं. लाल बटणामागून येणाऱ्या चौकशीबद्दल सांगितलं. पूर्वी येणाऱ्या फोनांबद्दल आणि शिव्यांबद्दल सांगितलं. शिव्यांवर मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. टाळ्याबद्दल सांगितलं. आप्पा कुणाला वाचवत होते ते सोडून सगळं सांगितलं.

हुकूम आठवड्यानं आला. झडपांची सील निघाली. सुट्टीनंतरचं पहिलं पाणी सांडपाण्याच्या टाकीत. आपण होऊन गळती कळवणाऱ्याला टाळं नाही, दुरुस्तीला मुदत. तेलासाठी आग बंद करताना नाव विचारायचं नाही. आणि अहवालातलं ते वाक्य बदललं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले. कुठून सुरुवात करावी हे कळेना, म्हणून नुसतं बदललेलं वाक्य वाचून दाखवलं. “‘पाण्यात चरबी आल्याचे व फेस झाल्याचे चालकास ज्ञात होते, तरीही त्यांनी आग बंद केली नाही.’”

तिचे हात थांबले.

“आधीच्यापेक्षा हे जास्त वाईट आहे, आई. आधी चूक होती, आता दोष आहे. आणि तो मी लिहवून घेतलाय.”

“त्यांना माहीत होतं, असं लिहिलंय?”

“हो.”

“सरकारी कागदावर?”

“हो.”

आईनं पदरानं डोळे नाही, हात पुसले. एकेक बोट.

“बॉयलरवर माणूस म्हातारा झाला,” ती म्हणाली, “आणि फेस ओळखता आला नाही म्हणत होते. मला बाजारात तोंड वर करवत नव्हतं. चुकतो की माणूस. पण कळत नव्हतं म्हणाले त्यांना.”

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“परत वाच.”

मी परत वाचलं.